अमेरिकेविषयी इराणी मनातला सल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इराणी लोक पहिल्यापासूनच अमेरिकेच्या विरोधात होते का?

नव्हते. एकोणिसाव्या शतकात इराणला धास्ती होती ती उत्तरेकडून रशियाची आणि दक्षिणेकडून ब्रिटनची. १९०७ मध्ये या दोघांनी इराणला न विचारता त्याची प्रभावक्षेत्रांत वाटणी करून टाकली. त्या काळात अमेरिका म्हणजे लांबचा, इथल्या जमिनीवर डोळा नसलेला देश. तबरीझच्या मिशन शाळेत शिकवणारा हॉवर्ड बास्करव्हिल हा २४ वर्षांचा अमेरिकन तरुण घटनावादी क्रांतीत, म्हणजे राजाच्या सत्तेला घटनेचा लगाम घालण्याच्या लढ्यात, आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लढायला उतरला आणि एप्रिल १९०९ मध्ये शहराचा वेढा फोडण्याच्या प्रयत्नात मारला गेला. त्याची कबर तबरीझमध्येच आहे.

१९११ मध्ये मजलिसने, म्हणजे इराणी संसदेने, खजिन्याची घडी बसवायला मॉर्गन शूस्टर या अमेरिकन माणसाला बोलावलं. त्याने बड्या सरदारांकडून करवसुली सुरू करताच रशियाने त्याच्या हकालपट्टीसाठी निर्वाणीचा खलिता धाडला आणि ब्रिटनने त्याला साथ दिली. मजलिसने खलिता धुडकावला, तेव्हा मजलिसच बंद पाडण्यात आली. पुढच्या रागात विश्वासघाताची कळ का आहे, हे या दोन माणसांची आठवण ठेवल्याशिवाय उमगत नाही.

तेलाची लूट ब्रिटनने केली. मग राग अमेरिकेवर कसा गेला?

आधी लूट काय होती ते पाहू. १९०१ मध्ये विल्यम नॉक्स डार्सी या ब्रिटिश उद्योजकाला ६० वर्षांचा तेलाचा मक्ता मिळाला. मोबदला २०,००० पौंड रोख, तितक्याच रकमेचे शेअर आणि निव्वळ नफ्याचे १६ टक्के. नफा किती झाला हे या मक्त्यावर उभी राहिलेली ब्रिटिश कंपनी सांगणार, आणि वह्या तपासायची सोय इराणला नाही. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमान इथे तेल लागलं, १९१४ मध्ये खुद्द ब्रिटिश सरकारने कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला. आबादानला जगातला सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. त्यातले हजारो इराणी कामगार वीज-पाण्यावाचून झोपडवस्तीत राहत, आणि त्यातल्या एका वस्तीचं नावच ‘कागजाबाद’ होतं. १९५० मध्ये या कंपनीकडून ब्रिटिश सरकारला जो कर मिळाला तो इराणच्या वाट्याहून जास्त होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शेजारच्या सौदी अरेबियाने अमेरिकन कंपनीकडून निम्मा नफा कबूल करून घेतला. यानंतर १६ टक्क्यांच्या जातीचा कुठलाही करार तेहरानमध्ये कुणाच्या गळी उतरणं शक्य नव्हतं.

मार्च १९५१ मध्ये मजलिसने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि एप्रिलअखेर मोहम्मद मोसद्देक पंतप्रधान झाले. नुकसानभरपाई द्यायची त्यांची तयारी होती. ब्रिटनने तंत्रज्ञ काढून घेतले, आखातात नौदल आणलं आणि इराणी तेल विकत घेणाऱ्याला कोर्टात खेचायची धमकी दिली. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. जुलै १९५२ मध्ये न्यायालयाने, हा वाद आपल्या अधिकारकक्षेत येत नाही, असा निकाल दिला. तो मोसद्देक यांचा मोठा विजय होता.

अमेरिका शिरली ती इथून पुढे. ब्रिटिश हेर सरकार पाडायच्या खटपटीत आहेत हे कळल्यावर मोसद्देक यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये ब्रिटनशी संबंध तोडले आणि वकिलात बंद केली. ब्रिटिश हेरांना देश सोडावा लागला. त्यांनी पैसे चारून पोसलेलं जाळं तेहरानमध्ये शाबूत होतं, पण ते हलवायला हात उरला नव्हता. तो हात अमेरिकेचा असावा असं लंडनने ठरवलं. ट्रुमन सरकार तयार नव्हतं. जानेवारी १९५३ मध्ये अध्यक्षपदी आयझेनहॉवर आले, परराष्ट्र खातं जॉन फॉस्टर डलेस यांच्याकडे आणि सीआयए त्यांच्या धाकट्या भावाकडे, अॅलन डलेस यांच्याकडे गेली. ब्रिटिशांनी वॉशिंग्टनमध्ये तेलाचा मुद्दा मागे ठेवला आणि कम्युनिस्टांची भीती पुढे केली. ती लागू पडली.

ऑगस्ट १९५३ मध्ये नेमकं काय घडलं?

एप्रिलमध्ये अॅलन डलेस यांनी मोसद्देक यांना पाडण्यासाठी १० लाख डॉलर मंजूर केले. त्यातून संपादक विकत घेतले गेले, पदरचे लेख आणि व्यंगचित्रं छापून आणली गेली. मजलिसचे सदस्य फोडायला आठवड्याला सुमारे ११,००० डॉलर वेगळे काढले होते. कम्युनिस्ट तुदेह पक्षाच्या नावाने मौलवींना धमक्या देण्यात आल्या, म्हणजे धर्मगुरूंनी मोसद्देक यांच्यापासून दूर व्हावं. तेहरानमधली सूत्रं कर्मिट रूझवेल्ट या अधिकाऱ्याकडे होती.

इराणचे राजे शाह मोहम्मद रझा पहलवी कच खात होते. त्यांचं मन वळवायला त्यांची जुळी बहीण अश्रफ हिला युरोपातून आणलं, मागोमाग एका अमेरिकन जनरललाही धाडलं. अखेर त्यांनी मोसद्देक यांच्या बडतर्फीच्या आणि त्यांच्या जागी जनरल झाहेदी यांच्या नेमणुकीच्या फर्मानांवर सही केली.

१५ ऑगस्टच्या रात्री कर्नल नसीरी बडतर्फीचं फर्मान घेऊन मोसद्देक यांच्या घरी गेला आणि तिथेच पकडला गेला. बातमी आधीच फुटली होती. शाह बगदादला आणि तिथून रोमला पळाले. डाव फसला असं मानून वॉशिंग्टनने आवरतं घ्यायचा निरोपही पाठवला होता.

पुढचे तीन दिवस निर्णायक ठरले. फर्मानाच्या प्रती काढून वर्तमानपत्रांत पोहोचवल्या गेल्या. पैसे देऊन आणलेले जमाव तुदेहच्या घोषणा देत दुकानं फोडू लागले आणि खरे तुदेहवालेही त्यांत मिसळले. १८ तारखेला अमेरिकन राजदूत लॉय हेंडरसन मोसद्देक यांना भेटले. अमेरिकन नागरिकांना त्रास होतोय, हे थांबलं नाही तर सगळ्यांना परत नेऊ, असं त्यांनी सुनावलं. मोसद्देक यांनी पोलिसांना रस्ते मोकळे करायला लावले आणि आपल्या लोकांना घरी थांबायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, दक्षिण तेहरानातून तालीमबाज आणि भाडोत्री लोकांचा शाहधार्जिणा जमाव निघाला तेव्हा त्याला अडवायला रस्त्यावर कुणी उरलं नव्हतं. सैन्याच्या तुकड्या सामील झाल्या, आकाशवाणी ताब्यात गेली, काख रस्त्यावरच्या मोसद्देक यांच्या घरावर रणगाड्यांनी तासन्‌तास मारा केला. त्या दिवशी दोनशे ते तीनशे माणसं मेली असा अंदाज आहे. मोसद्देक भिंत ओलांडून निसटले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून स्वाधीन झाले. तीन वर्षं तुरुंग, मग अहमदाबाद या आपल्या गावी नजरकैद. मार्च १९६७ मध्ये ते वारले.

हे सगळं एकट्या सीआयएने केलं, असं म्हणणं बरोबर आहे का?

नाही. एखादा देश दहा लाख डॉलरमध्ये उलथत नाही. ब्रिटिश बहिष्काराने तिजोरी रिकामी झाली होती. बडे धर्मगुरू आयातुल्ला काशानी यांच्यासारखे जुने सोबती मोसद्देक यांना सोडून गेले होते. ऑगस्टच्या सुरुवातीला मोसद्देक यांनी मजलिस बरखास्त करण्यासाठी सार्वमत घेतलं, त्यात ‘हो’ आणि ‘नाही’च्या मतपेट्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. मत गुप्त राहिलंच नाही, आणि ही चूक त्यांना महागात पडली. सैन्यातले अधिकारी आणि बाजारातले लोक यांचीही स्वतःची गणितं होती. पण जुळणी, पैसा आणि फर्मानावरची सही बाहेरून आली, आणि लोकांच्या मनात राहिलं ते हेच.

इराणच्या आजच्या धर्मगुरूंच्या सरकारलाही ही गोष्ट पुरती सांगणं अवघड जातं, कारण काशानी यांची बाजू त्यात झाकावी लागते.

अमेरिकेने हे कधी कबूल केलं?

फार उशिरा. परराष्ट्र खात्याने १९८९ मध्ये त्या वर्षांच्या कागदपत्रांचा अधिकृत खंड काढला, तर त्यात सत्तापालटातल्या अमेरिकन हाताचा पत्ताच नव्हता. मार्च २००० मध्ये परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑल्ब्राइट यांनी आणि जून २००९ मध्ये कैरोच्या भाषणात बराक ओबामा यांनी हा सहभाग मान्य केला. सीआयएची स्वतःची कबुली असलेले कागद २०१३ मध्ये खुले झाले, सुधारित खंड २०१७ मध्ये आला. इराणी माणसाला १९५३ मध्येच ठाऊक असलेली गोष्ट छापून यायला ६४ वर्षं लागली.

सत्तापालटानंतर अमेरिकेच्या पदरात काय पडलं?

१९५४ मध्ये तेल कंपन्यांचा नवा संघ झाला. ४० टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीला, ४० टक्के अमेरिकन कंपन्यांना, १४ टक्के शेलला, ६ टक्के फ्रेंच कंपनीला. राष्ट्रीयीकरण नावाला राहिलं. नफा निम्मा-निम्मा झाला खरा, पण वह्या तपासायचा आणि संचालक मंडळावर बसायचा हक्क इराणला मिळाला नाही. १९५७ मध्ये अमेरिकन आणि पुढे इस्रायली प्रशिक्षणावर सावाक ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली. तिच्या कोठडीतून सुटलेल्यांनी अंगावरचे वळ दाखवताना शाहसोबत अमेरिकेचंही नाव घेतलं.

एक तारीख लक्षात ठेवा. ७ डिसेंबर १९५३, उपाध्यक्ष निक्सन तेहरानला यायचे होते त्याच्या दोन दिवस आधी, सैनिकांनी तेहरान विद्यापीठात गोळीबार केला आणि तीन विद्यार्थी ठार झाले. तो दिवस इराणमध्ये आजही विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. सरकारविरोधी विद्यार्थीही पाळतात, हे विशेष.

१९६४ चा ‘कॅपिट्युलेशन’ कायदा एवढा का झोंबला?

या शब्दाला इराणमध्ये जुना इतिहास आहे. १८२८ च्या तुर्कमानचाय तहानंतर रशियन माणसाने इराणमध्ये गुन्हा केला तर इराणी काझी त्याचा निवाडा करू शकत नसे. पुढे इतर युरोपीयांनीही तीच सवलत घेतली. शाहचे वडील रझा शाह यांनी १९२८ मध्ये ती मोडीत काढली आणि त्याचा लोकांना अभिमान होता. आपल्याकडे गोऱ्या आरोपीला हिंदी न्यायाधीश चालत नसे, १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकावरून केवढं रान उठलं होतं, हे ज्यांनी वाचलंय त्यांना हा घाव लगेच कळेल.

ऑक्टोबर १९६४ मध्ये मजलिसने अमेरिकन लष्करी सल्लागार, त्यांचे कर्मचारी आणि कुटुंबीय यांना इराणी न्यायालयांतून मोकळीक दिली. मजलिस शाहच्या मुठीत असूनही ६२ मतं विरोधात पडली, बाजूने ७०. लगोलग २० कोटी डॉलरचं अमेरिकन कर्ज मंजूर झालं, म्हणून इज्जत विकली असं लोक बोलू लागले. २६ ऑक्टोबरला आयातुल्ला खोमेनी यांनी, म्हणजे पुढे १९७९ च्या क्रांतीचे नेते ठरलेल्या धर्मगुरूंनी, कुम या धर्मपीठाच्या शहरात भाषण केलं. त्याचा आशय असा : अमेरिकन माणसाचा कुत्रा गाडीखाली आला तर शाहवरही खटला होईल, पण अमेरिकन आचाऱ्याने शाहला चिरडलं तरी कुणी त्याला हात लावू शकणार नाही. या भाषणाने खोमेनी धर्मगुरूंच्या वर्तुळाबाहेर आणखी दूरवर पोहोचले. ४ नोव्हेंबरला त्यांना देशाबाहेर काढलं.

शाहच्या काळात रस्ते, कारखाने, स्त्रियांना मतदान हे सगळं आलं. मग अमेरिकेला दोष का?

ही प्रगती खरी होती आणि ती नाकारू नये. पण १९७० नंतर पैसा कुठे जातोय हे लोकांना दिसत होतं. मे १९७२ मध्ये निक्सन आणि किसिंजर तेहरानला आले आणि अण्वस्त्रं सोडून हवी ती शस्त्रं घ्यायची मुभा शाहला देऊन गेले. दोन वर्षांच्या आत तेलाचे भाव चौपट झाले आणि खरेदीला धरबंद उरला नाही. एफ-१४ विमानं अमेरिकेबाहेर फक्त इराणला मिळाली. ८० मागवली होती, ७९ पोहोचली. ती चालवायला आणि दुरुस्त करायला हजारो अमेरिकन तंत्रज्ञ आले, घरभाडी चढली. १९७७ च्या अखेरच्या रात्री तेहरानच्या मेजवानीत जिमी कार्टर यांनी इराणला स्थैर्याचं बेट म्हटलं. नऊ दिवसांत कुममध्ये निदर्शकांवर गोळीबार झाला, आणि तेरा महिन्यांत शाहने देश सोडला होता.

१९७९ मध्ये तेहरानमधल्या अमेरिकन वकिलातीवरच हल्ला का झाला? ४४४ दिवस माणसं ओलीस धरणं कशात बसतं?

कशातही बसत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याचा तो उघड भंग होता आणि त्याची किंमत इराणी जनतेने मोजली. पण वकिलात घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात काय होतं ते १९५३ शिवाय कळत नाही. २२ ऑक्टोबर १९७९ ला कर्करोगग्रस्त शाहला उपचारांसाठी न्यूयॉर्कमध्ये घेतलं. तेहरानमध्ये अर्थ लावला गेला तो असा : मागच्या वेळीही शाह पळाला होता आणि अमेरिकन वकिलातीतून सूत्रं हलवून आठवडाभरात परत बसवला होता. ४ नोव्हेंबरला वकिलात ताब्यात घेतली गेली. ओलिसांपैकी शेवटचे ५२ जण २० जानेवारी १९८१ ला सुटले. अमेरिकन मनातला सल इथून सुरू होतो, आणि तोही तितकाच खरा आहे.

सुटकेसाठी झालेल्या अल्जियर्स कराराचं पहिलंच कलम असं की, अमेरिका इराणच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करणार नाही.

इराक युद्धाचा आणि विमान पाडल्याचा उल्लेख इराणी लोक सारखा का करतात?

सप्टेंबर १९८० मध्ये सद्दाम हुसेनने हल्ला केला, युद्ध आठ वर्षं चाललं. अमेरिकेने १९८२ मध्ये इराकला दहशतवादाच्या यादीतून काढलं, पुढे गुप्त माहिती पुरवली, १९८४ मध्ये पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. इराकी विषारी वायूची माहिती वॉशिंग्टनला होती. २८ जून १९८७ ला सरदश्त या शहरावर मस्टर्ड वायूचे बॉम्ब पडले, आणि तिथले लोक आजही फुप्फुसांच्या आजाराने जातात. याच काळात अमेरिकेने गुपचूप इराणलाही क्षेपणास्त्रं विकली, म्हणजे दोन्ही बाजूंचा विश्वास गमावला.

३ जुलै १९८८. इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं एअरबस विमान बंदर अब्बासहून दुबईला निघालं, ठरल्या वेळेहून २७ मिनिटं उशिरा. खाली व्हिन्सेन्स ही अमेरिकन युद्धनौका इराणी बोटींशी लढत इराणच्या सागरी हद्दीत शिरली होती. नौकेवरच्यांनी विमान एफ-१४ समजून घेतलं. एकूण दहा इशारे दिले, त्यातले सात लष्करी लहरीवर, जी प्रवासी विमानाला ऐकूच येत नाही. उरलेले तीन नागरी लहरीवर होते, पण ते आपल्यालाच आहेत हे वैमानिकाला ओळखता येईल असे नव्हते. विमान खाली झेपावतंय असं ओरडून सांगितलं गेलं, तर नौकेच्याच संगणकात ते वर चढत असल्याची नोंद होती. दोन क्षेपणास्त्रं सुटली. २९० माणसं गेली, त्यात ६६ मुलं. दहा भारतीयही होते.

चूक होते, आणि युद्धाच्या धुमश्चक्रीत मोठी चूक होते. इराणी माणसाला सलतं ते पुढचं. कप्तानाला १९९० मध्ये त्या काळातल्या सेवेबद्दल पदक मिळालं. १९९६ मध्ये कमावत्या माणसामागे ३ लाख डॉलर आणि न कमावणाऱ्यामागे दीड लाख डॉलर भरपाई ठरली, पण खेद व्यक्त करण्यापलीकडे जबाबदारी घेतली गेली नाही. दरवर्षी नातेवाईक बोटीने त्या जागी जातात आणि पाण्यात फुलं सोडतात.

औषधांवर निर्बंध नाहीत असं अमेरिका म्हणते. मग औषधं अडतात कशी?

कागदावर औषधं आणि अन्न वगळलेलं आहे. अडतं ते पैसे चुकते करताना. डॉलरमधला व्यवहार न्यूयॉर्कमधल्या बँकेतून फिरतो. युरोच्या व्यवहारातही युरोपीय बँकेला अमेरिकेतला आपला परवाना जाण्याची भीती असते. २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण आणि क्यूबाच्या व्यवहारांवरून सुमारे ९ अब्ज डॉलर दंड झाला. त्यानंतर काही लाखांच्या मलमपट्टीच्या ऑर्डरसाठी वकिलांचा खर्च कोण करणार? बँक सरळ नाही म्हणते. पाठोपाठ विमा कंपनी आणि जहाज कंपनीही. त्वचेवर सतत फोड येणाऱ्या आजाराची मुलं, इराणमध्ये त्यांना फुलपाखरू मुलं म्हणतात, त्यांच्या खास पट्ट्या २०१८ नंतर युरोपातून येणं थांबलं ते याच साखळीने.

ऑक्टोबर २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयाने औषधं, अन्न आणि विमानांचे सुटे भाग यांच्यातले अडथळे दूर करायचा आदेश दिला. त्याच दिवशी अमेरिकेने, ज्या १९५५ च्या मैत्री कराराखाली हा खटला उभा होता, तो करारच संपवत असल्याचं जाहीर केलं.

भारतालाही याची झळ बसली. आपण २०१२ नंतर इराणी तेलाचे काही पैसे रुपयांत युको बँकेमार्फत देत होतो, कारण तिचा अमेरिकेत कारभार नव्हता. मे २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंधांतली ही सवलत बंद केली आणि भारताने ती खरेदी थांबवली.

अणुकरार कुणी मोडला?

जुलै २०१५ मध्ये अमेरिका आणि इतर बड्या देशांशी झालेल्या करारात इराणने युरेनियमचं समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोवर ठेवायचं मान्य केलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक इराण अटी पाळत असल्याचे अहवाल देत होते. ८ मे २०१८ ला ट्रम्प यांनी अमेरिकेला बाहेर काढलं. इराणने वर्षभर वाट पाहून मग एकेक मर्यादा ओलांडायला सुरुवात केली. इराणमधल्या ज्या लोकांनी ‘अमेरिकेशी बोलता येतं’ यावर राजकारण पणाला लावलं होतं ते यात संपले. असं आधीही झालं होतं. २००१ च्या अखेरीस इराणने अफगाणिस्तानात नवं सरकार बसवायला अमेरिकेला मदत केली, आणि जानेवारी २००२ मध्ये बुश यांनी इराणला ‘दुष्ट अक्षा’त, म्हणजे जगाला धोका असलेल्या देशांच्या यादीत, घातलं. जून २०२५ मध्ये बोलणी चालू असतानाच इस्रायलने हल्ला केला आणि पाठोपाठ अमेरिकन विमानांनी फोर्दो, नतांझ, इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले.

‘मर्ग बर आमरिका’ म्हणजे सगळ्या अमेरिकनांचा मृत्यू?

‘मर्ग’ म्हणजे मृत्यू, ‘बर’ म्हणजे वर. शब्दशः अर्थ तोच, वापर आपल्या ‘मुर्दाबाद’सारखा. शाहविरुद्धही हीच घोषणा होती, आणि अलीकडच्या आंदोलनांत ती आपल्याच सत्ताधाऱ्यांविरुद्ध दिली गेली. त्याच आंदोलनांतली आणखी एक घोषणा : ‘दुश्मन-ए-मा हमीनजास्त, दुरुग मीगन आमरिकास्त.’ आमचा शत्रू इथेच आहे, तो अमेरिका आहे असं हे खोटं सांगतात. मोसद्देक यांची तसबीर उराशी धरणारा आणि ही घोषणा देणारा माणूस एकच असू शकतो. सरकार जुन्या जखमेचा ढाल म्हणून वापर करतं, म्हणून जखम खोटी ठरत नाही.

इराणी पुस्तकांत ‘२८ मुर्दाद १३३२’ अशा तारखा येतात. त्या कशा वाचायच्या?

इराणी सौर वर्ष साधारण २१ मार्चला, नवरोजला सुरू होतं. वर्षात ६२१ मिळवा, म्हणजे १३३२ चे १९५३. तारीख आपल्या १ जानेवारी ते नवरोज या काळात पडत असेल तर ६२२ मिळवा. तेल राष्ट्रीयीकरणाची सुट्टी असते ती २९ इस्फंद, म्हणजे वर्षअखेर. १६ आझर हा विद्यार्थी दिन, २८ मुर्दाद म्हणजे १९ ऑगस्ट. आणि १३ आबान म्हणजे ४ नोव्हेंबर, या एका दिवशी तीन गोष्टी येतात : १९६४ मधली खोमेनींची हद्दपारी, १९७८ मध्ये तेहरान विद्यापीठात विद्यार्थ्यांवर झालेला गोळीबार आणि १९७९ मधला वकिलातीचा ताबा. त्या दिवशी तेहरानच्या मोर्चाची बातमी वाचाल तेव्हा तिथे कोणत्या आठवणीसाठी कोण आलंय, हे आधी पाहा.